प्रश्न विचारणारा वर्ग : पृच्छाधारित अध्ययनाची ओळख

कल्याणहून कर्जतच्या दिशेने जाणारी लोकल विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर अशी स्थानके घेत जाते. या मार्गावर रोज प्रवास करणाऱ्या मोठ्या माणसांना वालधुनी नदीच्या दर्पाची सवय झालेली असते. खिडकीशी बसलेले सात-आठ वर्षांचे मूल मात्र विचारते, 'हे पाणी काळं का?' बहुतेक वेळा त्याला 'घाण आहे, नाक दाब' एवढेच उत्तर मिळते. दुसऱ्या दिवशी तेच मूल शाळेत 'जलप्रदूषणाची कारणे लिहा' या प्रश्नाचे फळ्यावरचे उत्तर वहीत उतरवून घेते. या दोन प्रसंगांचा एकमेकांशी काही संबंध आहे, हे त्याच्या ध्यानात येत नाही. हा तुटलेला सांधा जोडू पाहणारी अध्यापनाची रीत म्हणजे पृच्छाधारित अध्ययन होय.

संकल्पना

पृच्छाधारित अध्ययनात पाठाचा आरंभ उत्तराने न होता प्रश्नाने होतो. मूल प्रश्न मांडते, उत्तराविषयी अंदाज बांधते, निरीक्षण किंवा प्रयोग करते, नोंदी ठेवते आणि त्यांच्या आधारे निष्कर्ष काढून तो इतरांपुढे मांडते. निष्कर्ष चुकला तर पुन्हा तपासणी होते. शिक्षकाचे काम यात कमी होत नाही, त्याचे स्वरूप बदलते. कोणता प्रश्न वर्गात तपासता येईल, त्यासाठी कोणते साहित्य लागेल आणि मुलाला केव्हा मदत करावी, हे त्यालाच ठरवावे लागते.

या विचाराचे मूळ अमेरिकी तत्त्वज्ञ जॉन ड्यूई (१८५९-१९५२) यांच्यापर्यंत जाते. १८९६ मध्ये त्यांनी शिकागो विद्यापीठात प्रयोगशाळा म्हणून एक शाळाच सुरू केली होती. पुढे १९६१ मध्ये मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांनी स्वतः शोधून मिळवलेल्या ज्ञानाचे महत्त्व मांडले.

चार पायऱ्या

मुलांना मोकळे सोडले की शोध आपोआप लागतो, हा या पद्धतीविषयीचा सर्वांत मोठा गैरसमज आहे. २००६ मध्ये पॉल किर्शनर, जॉन स्वेलर आणि रिचर्ड क्लार्क यांनी अशा मार्गदर्शनहीन अध्यापनावर कठोर टीका केली. नवख्या विद्यार्थ्याच्या स्मरणशक्तीवर त्याने नाहक ताण पडतो, असे त्यांचे म्हणणे होते. प्राथमिक शाळेच्या दृष्टीने हा इशारा मोलाचा आहे.

म्हणूनच २००८ मध्ये हेदर बँची आणि रँडी बेल यांनी सुचवलेल्या चार पायऱ्या शिक्षकांना उपयोगी पडतात. पहिल्या पायरीवर ठाऊक असलेल्या गोष्टीचा पडताळा घेतला जातो. दुसऱ्या पायरीवर प्रश्न आणि कृती शिक्षक देतो, उत्तर मुले शोधतात. तिसरीवर शिक्षक फक्त प्रश्न देतो आणि कृती मुले ठरवतात. चौथीवर प्रश्नही मुलांचाच असतो. तिसरी-चौथीच्या वर्गाने वर्षभरात दुसऱ्या पायरीवरून तिसरीपर्यंत मजल मारली, तरी ती मोठी प्रगती समजावी.

महाराष्ट्रातील परंपरा

ही कल्पना महाराष्ट्राला परकी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर जे काम उभे केले, त्यात मुलाचा परिसर हेच पाठ्यपुस्तक होते. गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांना शाळेत येता येत नसेल, तर शाळेनेच कुरणात जावे, या विचारातून 'कुरणशाळा' निघाली. २०१४ च्या जिल्हा विभाजनानंतर हा भाग पालघर जिल्ह्यात गेला. कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये 'सृजन आनंद विद्यालय' सुरू करून मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळेत अनुभवातून शिकण्याचा पाठ घालून दिला.

विज्ञानापुरते बोलायचे तर मध्य प्रदेशातील होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमाचा उल्लेख अटळ आहे. १९७२ मध्ये १६ शाळांत सुरू झालेला हा माध्यमिकपूर्व वर्गांसाठीचा कार्यक्रम साध्या सरकारी शाळांतही प्रयोगातून विज्ञान शिकवता येते, हे दाखवून गेला. २००२ मध्ये तो शासनाने बंद केला. मुंबईत मानखुर्द येथील होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने प्राथमिक वर्गांसाठी निरीक्षण आणि कृतीवर आधारलेली पुस्तके तयार केली, तर पुण्यात अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानाची खेळणी बनवण्याचा मार्ग दाखवला.

कायदाही याच बाजूने आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या २९ व्या कलमात कृती, शोध आणि अन्वेषण यांतून शिकण्याचा, तसेच मुलाला भयमुक्त ठेवण्याचा स्पष्ट निर्देश आहे. त्याआधी २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने शाळेतले ज्ञान शाळेबाहेरच्या जीवनाशी जोडण्याचा आग्रह धरला होता. महाराष्ट्रात २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम आला आणि 'ज्ञानरचनावाद' हा शब्द गावोगावच्या शाळांत पोहोचला. रंगवलेल्या फरशा आणि भिंती हीच अनेक ठिकाणी त्याची दृश्य खूण ठरली. मूल प्रश्न विचारते का, ही खरी खूण तपासणे त्याहून कठीण होते.

तीन शहरे, तीन प्रश्न

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या शहरांत अशा अध्ययनासाठी साहित्य शोधायला दूर जावे लागत नाही.

अंबरनाथचे शिवमंदिर शके ९८२ म्हणजे इ.स. १०६० मधील असल्याचे तेथील शिलालेखावरून कळते. मुलांना हे वर्ष पाठ करायला लावता येते किंवा 'हे मंदिर किती जुने, हे आपल्याला कसे कळले?' असा प्रश्न देता येतो. मग शके आणि इसवी सन यांतला ७८ वर्षांचा फरक गणिताच्या तासाला येतो, काळ्या दगडाचे निरीक्षण भूगोलाला जोडले जाते आणि गाभाऱ्यात पायऱ्या उतरून का जावे लागते, याविषयी मुलांचे अंदाज फळ्यावर मांडता येतात.

बदलापूरच्या मुलांचा प्रश्न पावसाचा असू शकतो. २६ जुलै २००५ चा महापूर घरोघरच्या आठवणींत आहे. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणी दरम्यान पुरात अडकलेल्या महालक्ष्मी एक्स्प्रेसची छायाचित्रे देशभर पोहोचली. सरळ बाजूंच्या बाटलीचा वरचा भाग कापून तो उलटा बसवला, तळाचा उंचसखल भाग खडे व पाणी घालून सपाट केला आणि तेथून पट्टी लावली की पर्जन्यमापक तयार होतो. जून ते सप्टेंबर रोज ठरल्या वेळी नोंद घेतली की स्तंभालेख आपसूक शिकला जातो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. चौथीतल्या मुलाच्या छातीपर्यंत येणारी ही उंची भिंतीवर खडूने आखली, म्हणजे आकड्याचा अर्थ समजतो.

उल्हासनगरचा प्रश्न अर्थातच वालधुनीचा. अंबरनाथच्या डोंगरांतून निघून शिवमंदिराजवळून वाहत येणारी ही नदी उल्हासनगरातून पुढे कल्याणजवळ उल्हास नदीला मिळते. नोव्हेंबर २०१४ मध्ये नदीत सोडलेल्या रसायनांतून पसरलेल्या वायूने उल्हासनगरातील शेकडो रहिवासी बाधित झाले होते. त्यामुळे येथे पहिला नियम सुरक्षिततेचा: मुलांनी नदीच्या पाण्याला हात लावू नये, नमुनाही आणू नये. प्रश्न मात्र टाळू नये. जास्वंदीच्या पाकळ्यांचा अर्क लिंबाच्या रसात लालसर आणि साबणाच्या पाण्यात हिरवट होतो, हे वर्गात पाहता येते. वाळू, खडे आणि कापडातून गढूळ पाणी गाळता येते. पण मीठ विरघळवलेले पाणी त्याच गाळणीतून खारटच उतरते. 'दिसायला स्वच्छ ते सुरक्षित' हा समज या एका प्रयोगाने हलतो. आजी-आजोबांना नदीविषयी विचारून त्यांच्या बालपणाची नोंद करणे, हाही शोधच आहे. १९४९ मध्ये निर्वासित सिंधी कुटुंबांच्या वसाहतीतून नाव मिळवलेल्या या शहरात ती उत्तरे सिंधी, मराठी, हिंदी अशा अनेक भाषांतून येतील. मुलाने प्रश्न घरच्या भाषेत विचारला तरी तो स्वीकारावा.

अडचणी

शिक्षण हक्क कायदा प्राथमिक वर्गात तीस मुलांमागे एक शिक्षक सांगतो. पण जेथे एकाच खोलीत दोन इयत्ता बसतात, तेथे गटकार्य सांभाळणे जिकिरीचे असते. अभ्यासक्रम पुरा करण्याची घाई असते, पालकांना भरलेली वही हवी असते. शिवाय अनेक शिक्षक स्वतः पाठांतराच्या पद्धतीने शिकलेले असतात. 'मला ठाऊक नाही, आपण शोधू' असे वर्गासमोर म्हणणे त्यांना कमीपणाचे वाटते.

यावर एकच मोठा उपाय नाही. आठवड्यातून एक तास राखून ठेवणे, वर्गात 'प्रश्नपेटी' ठेवणे, मूल्यमापनात अचूक उत्तराबरोबर नोंदींच्या प्रामाणिकपणालाही गुण देणे, अशा लहान गोष्टींनी सुरुवात करता येते. चुकलेला अंदाज खोडायला न लावता त्याखाली 'प्रत्यक्षात काय दिसले' हे लिहून घेणे, हा त्यांतला सर्वांत सोपा आणि बिनखर्चाचा उपाय आहे.

आज तिसरी-चौथीत असलेली मुले आणखी दहा वर्षांनी याच शहरांचे मतदार होतील. नदी काळी का आणि पूर कोठवर आला, हे स्वतः मोजून पाहण्याची सवय त्यांना लागली असेल, तर त्या वेळी ती उत्तरेही मागतील. पालकांना एवढेच करता येईल, की लोकलच्या खिडकीतून आलेल्या प्रश्नाला 'नाक दाब' याऐवजी 'तुला काय वाटतं?' असे विचारावे.