अपस्मारावरील औषधे आणि आनुवंशिक अटॅक्सिया

चालताना तोल जाणे, बोलणे अडखळणे आणि हातांच्या हालचालींत अचूकता न राहणे, ही अटॅक्सिया या विकाराची प्रमुख लक्षणे आहेत. शरीराचा तोल राखणाऱ्या लहान मेंदूचे कार्य बिघडल्याने हा विकार उद्भवतो. त्याच्या बहुतेक आनुवंशिक प्रकारांवर रोग समूळ बरा करणारा उपचार अद्याप उपलब्ध नाही. मात्र, ज्या प्रकारांत हा त्रास झटक्यांच्या स्वरूपात होतो, त्यांत अपस्मारासाठी वापरली जाणारी काही औषधे उपयुक्त ठरली आहेत.

झटक्यांच्या अटॅक्सियाचे दोन प्रकार प्रामुख्याने ज्ञात आहेत. पहिल्या प्रकारातील झटका काही सेकंद ते काही मिनिटे टिकतो. पोटॅशियम वाहिनीच्या जनुकातील दोष हे त्याचे कारण असल्याचे १९९४ मध्ये स्पष्ट झाले. या प्रकारात कार्बामाझेपिनसारखी औषधे दिली जातात. दुसऱ्या प्रकारातील झटका कित्येक तास टिकतो. मानसिक ताण किंवा शारीरिक श्रम हे त्याचे निमित्त ठरते.

या दुसऱ्या प्रकारात असेटाझोलामाइड या औषधाने झटके आटोक्यात येतात, असे अमेरिकेतील रॉबर्ट ग्रिग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये दाखवून दिले. काचबिंदू आणि अपस्मार या विकारांत हे औषध आधीपासून वापरात होते. रोगाचे मूळ असलेला, १९व्या गुणसूत्रावरील कॅल्शियम वाहिनीच्या जनुकातील दोष मात्र १९९६ मध्ये उघड झाला. म्हणजेच, उपचार आधी सापडला आणि कारण नंतर कळले.

बंगळूरुच्या उत्तरेकडील येलहंका-जक्कूर परिसरात या विषयाशी निगडित मूलभूत संशोधन झाले आहे. जक्कूर येथील जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात अनुरंजन आनंद यांच्या गटाने निम्हान्स संस्थेच्या सहकार्याने अपस्माराच्या जनुकांचा शोध घेतला. पेशीबाहेरील कॅल्शियमची पातळी ओळखणाऱ्या ग्राहकाच्या जनुकातील बदलांचा अपस्माराशी असलेला संबंध या गटाने २००८ मध्ये मांडला. राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात गैती हसन यांनी फळमाशीवर प्रयोग करून पेशीतील कॅल्शियमचा साठा मुक्त करणाऱ्या ग्राहकाचा अभ्यास केला. मानवातील अशाच एका ग्राहकाच्या जनुकात दोष असल्यास अटॅक्सियाचे काही प्रकार उद्भवतात.

अपस्मारावरील प्रत्येक औषध अटॅक्सियाच्या रुग्णाला उपकारक असतेच असे नाही. फेनिटॉइनचे प्रमाण वाढल्यास तेच तोल बिघडवते, तसेच लहान मेंदूला इजाही पोहोचवू शकते. तंतुकणिकांशी निगडित पोल्जी जनुकात दोष असलेल्या रुग्णांना अटॅक्सिया आणि अपस्मार हे दोन्ही विकार होऊ शकतात. अशा रुग्णांना व्हॅल्प्रोएट दिल्यास यकृत निकामी होण्याचा धोका असल्याने हे औषध टाळले जाते.

झटक्यांच्या अटॅक्सियाचे निदान अपस्मार म्हणून होण्याचीही शक्यता असते. माता किंवा पित्याला तो असल्यास प्रत्येक अपत्यात दोष उतरण्याची शक्यता ५० टक्के असते. त्यामुळे कुटुंबाचा पूर्वेतिहास, जनुकीय चाचणी आणि मज्जाविकारतज्ज्ञांचा सल्ला यांच्या आधारेच औषधाची निवड करणे आवश्यक ठरते.