सीप्झमधील ओसाड चर्च

अंधेरीच्या सीप्झमध्ये, दागिन्यांच्या नि संगणकाच्या कंपन्यांच्या गर्दीत, एका चर्चच्या छप्पर नसलेल्या भिंती उभ्या आहेत. संत जॉन बाप्टिस्ट यांच्या नावाचे हे चर्च पोर्तुगीज जेझुइटांनी १५७९ मध्ये बांधले.

योगायोग असा, की त्याच सुमारास स्पेनमधील कार्मेलाईट साधू क्रूसाचा संत जॉन एका विलक्षण अनुभवाला शब्द देत होता. प्रार्थनेतला ओलावा आटतो, देव पाठ फिरवून गेल्यासारखा वाटतो. या अवस्थेला त्याने ‘अंधारी रात्र’ म्हटले आणि तीही भक्तीचीच वाट मानली. (त्याआधी तो तोलेदोच्या कैदेत होता, हे विसरू नये.)

साष्टीच्या ख्रिस्ती गावांवर अशी रात्र बाहेरून आली. १७३७ मध्ये मराठ्यांनी साष्टी जिंकली. पोर्तुगीज धर्मगुरू गेले, उरले ते मोजके देशी पाद्री. तरीही मराठीच बोली बोलणारी ही शेतकरी कुटुंबे धर्माला धरून राहिली. पोर्तुगीज सत्तेचा आश्रय संपल्यावरही टिकलेली ही निष्ठा केवळ लाभापोटी होती, असे म्हणणे मग कठीण जाते.

पुढे १८४० मध्ये साथीच्या रोगाने गाव उठले. लोक मरोळला गेले, तिथे नवे चर्च झाले आणि जुने रानात बुडाले.

१९७३ मध्ये सीप्झ उभे राहिले, भोवती कुंपण आले. आता परवानगीवाचून आत जाता येत नाही. वर्षातून एकदा मात्र सणाला भाविक येतात आणि उघड्या आभाळाखाली, त्याच भिंतींमध्ये मिस्सा होते.