टाकलेल्या बायकांनी उभा केलेला आधार

1985 च्या सुमारास वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि गंगापूर तालुक्यातलं हे गाव बघता बघता कामगारांचं झालं. जालना, बीड, परभणीकडची तरुण जोडपी रांजणगाव शेणपुंजी, जोगेश्वरी, बजाजनगरात बिऱ्हाड थाटू लागली. पत्र्याच्या खोलीत रात्री काय चाललंय ते शेजारच्या खोलीत स्पष्ट ऐकू येतं. पण शेजारी परक्या जिल्ह्यातला. 'नवराबायकोचं आहे' म्हणून तो कडी लावून घेतो. खोलीचा करार नवऱ्याच्या नावावर, रेशनकार्ड गावाकडे सासऱ्याच्या नावावर. मार खाणाऱ्या बाईने जायचं कुठे?

मराठवाड्याला हा प्रश्न आधीच एका मृत्यूने विचारला होता. बीडची मंजुश्री सारडा लग्नानंतर काही महिन्यांतच, जून 1982 मध्ये पुण्यात सासरी मरण पावली. सासरचा जाच तिने बहिणीला आणि मैत्रिणीला पत्रांतून कळवला होता. तिच्या पतीला झालेली फाशीची शिक्षा उच्च न्यायालयाने कायम केली. 1984 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची निर्दोष मुक्तता केली. निकाल काहीही लागो, ती पत्रं लिहिणाऱ्या मुलीला जिवंतपणी जाता येईल असं एकही दार नव्हतं, ही बोच पुण्यातल्या बायकांना गप्प बसू देईना. विद्या बाळ आणि त्यांच्या मैत्रिणींनी नारी समता मंच उभा केला, 'मी एक मंजुश्री' हे प्रदर्शन गावोगाव नेलं. 1983 मध्ये भारतीय दंड संहितेत 498 अ कलम आलं आणि घरातला छळ गुन्हा ठरला.

पण गुन्हा नोंदवायला चौकीची पायरी चढावी लागते. 1984 मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबईच्या पोलीस आयुक्तालयातच महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. तिथे बाईचं ऐकून घ्यायला वर्दीतला माणूस नव्हे, प्रशिक्षित समाजकार्यकर्ती बसू लागली. पुढे असे कक्ष राज्यभर झाले. इकडे अंबाजोगाईत शैला लोहिया यांनी मनस्विनी महिला प्रकल्प उभा करून मराठवाड्याच्या खेड्यांतल्या बायकांना हात दिला.

सगळ्यांत धीट पाऊल मात्र शेजारच्या नगर जिल्ह्यात पडलं. 20 मार्च 1988 रोजी, चवदार तळ्याच्या सत्याग्रहाच्या दिवशी, समता आंदोलनाने संगमनेरला परित्यक्तांची परिषद भरवली. अ‍ॅड. निशा शिवूरकर त्यात आघाडीवर होत्या. ज्यांना गाव 'टाकलेली' म्हणून हिणवत होतं, त्या बायका माईकसमोर उभ्या राहून स्वतःचं नाव सांगत बोलल्या. त्यांनी दया मागितली नाही; राहायला घर, पोटगी आणि स्वतःच्या नावाचं रेशनकार्ड मागितलं. या कार्डाचं मोल शहरी वाचकाला चटकन कळायचं नाही. कार्ड नाही म्हणजे रास्त भावाचं धान्य नाही आणि सरकारदरबारी बाईचं वेगळं अस्तित्वच नाही. पोटगीची गत तर आणखी वाईट होती: फौजदारी प्रक्रिया संहितेच्या 125 व्या कलमाने महिन्याला कमाल 500 रुपयांची मर्यादा घातली होती, ती 2001 मध्ये उठली. पुढे औरंगाबादलाही परित्यक्ता हक्क परिषद झाली. 1994 मध्ये महाराष्ट्राने देशातलं पहिलं राज्य महिला धोरण जाहीर केलं.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा 2005 चा कायदा 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू झाला, तेव्हा घराची ती जुनी मागणी अखेर कलमांत उतरली. घर मालकीचं असो की भाड्याचं, करारावर तिचं नाव असो-नसो, राहत्या घरातून तिला बेकायदा बाहेर काढता येत नाही. वाळूजच्या भाड्याच्या खोलीलाही हे लागू आहे. अर्ज करायला सासरच्या तालुक्याला खेटे घालायची गरज नाही; ती तात्पुरती जिथे राहते तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्याकडेही तो करता येतो. संरक्षण अधिकारी घटनेचा अहवाल तयार करतात. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. 181 ही महिला हेल्पलाइन आहे, आणि जीवावर बेतलं तर 112.


अडचण अजूनही पहिल्या फोनपाशीच आहे. अनेक घरांत मोबाइल एकच असतो, आणि तो नवऱ्याच्या खिशात कंपनीत जातो. तेव्हा शेजारच्या खोलीतल्या बाईने कडी काढून स्वतःचा फोन पुढे करायला हवा.