जुन्या मचव्यात नवे इंजिन

जुन्या गाडीत दुसरे इंजिन बसवायचे ठरले की चर्चा इंजिनाच्या किमतीपासून सुरू होते. गिअरबॉक्स जुळेल का, सांगाडा वजन पेलेल का, रेडिएटर पुरेल का, आरटीओची मंजुरी मिळेल का, हे प्रश्न मागून येतात आणि बहुतेकदा खरा खर्च त्यांतच दडलेला असतो. रायगडच्या, म्हणजे १९८१ पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्याच्या किनाऱ्यावर हा व्यवहार विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोठ्या प्रमाणावर झाला, तो मचव्यांत. करंजा, थळ, रेवदंडा, मुरुड, श्रीवर्धन या बंदरांवर शिडाच्या होड्यांना डिझेल इंजिने लागली. या स्थित्यंतराकडे प्रगतीची सरळ चढण म्हणून पाहिले जाते. मला वाटते, त्याचा हिशेब अपुरा मांडला गेला आहे. इंजिनाची किंमत या बदलातला लहान भाग होती. त्याच्याभोवती जे जे बदलावे लागले, ती खरी किंमत.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्य सरकारने मच्छीमार सहकारी संस्थांमार्फत इंजिनांसाठी कर्ज आणि अनुदान द्यायला सुरुवात केली. इथे जुनी होडी टाकून न देता तिलाच इंजिन बसवणे शक्य होते, कारण कोकणातला मचवा मजबूत सागवानी बांध्याचा, खोल आणि रुंद होता. मद्रासकडच्या कट्टुमरमला ही सोय नव्हती. ओंडके बांधून केलेल्या त्या तराफ्यात इंजिन ठेवणार कुठे? केरळात १९५२च्या करारानंतर आलेल्या भारत-नॉर्वे प्रकल्पालाही अखेर नव्या बांधणीच्या नौकांकडेच वळावे लागले. कोकणातली सोय मात्र फुकटची नव्हती. मचव्याचा बांधा मधल्या डोलकाठीचा आणि शिडाचा ताण पेलण्यासाठी घडवलेला. इंजिनाचे वजन आणि हादरे आले मागच्या अंगाला. शाफ्टसाठी मागच्या लाकडाला भोक पाडावे लागले, पंख्याला जागा देण्यासाठी सुकाणूभोवतीची रचना बदलावी लागली, फळ्यांच्या सांध्यांची निगा वाढली आणि मासळीच्या जागेतला काही भाग इंजिनाने घेतला. सुताराच्या जोडीला मिस्त्री, ग्रीस, सुटे भाग आणि डिझेलचा पंप कायमचे आले.

पुढचा खर्च ताकदीच्या हव्यासाचा. पाणी कापत जाणाऱ्या जड नौकेच्या वेगाला तिच्या लांबीची मर्यादा असते. पाण्यालगत तीस फूट लांब असलेल्या मचव्यासाठी ती सुमारे सात नॉट. त्या मर्यादेच्या आतही इंजिनाची ताकद दुप्पट केली, तर वेग जेमतेम पाव हिश्श्याने वाढतो आणि डिझेल जवळपास दुप्पट जळते. तरीही दोन सिलिंडरवरून चार, चारवरून सहा अशी मजल गेली; ट्रकला चालणारी लेलँडची इंजिने सागरी गिअरबॉक्स आणि समुद्राच्या पाण्यावर थंड होण्याची व्यवस्था जोडून बोटींत बसली. इथे मासेमारीची पद्धत निर्णायक ठरते. बोंबील आणि जवळा पकडणारे डोल जाळे एका जागी रोवलेले असते. त्यात मासळी भरते ती भरती-ओहोटीच्या प्रवाहाने. त्या नाखव्याला इंजिन हवे ते जाळ्यापर्यंत जाण्यायेण्यापुरते. ट्रॉलरला मात्र जाळे तळावरून ओढायचे असते आणि तिथे जास्त ताकद म्हणजे जास्त मासळी, असे गणित बनते. एकच यंत्र एकाला पुरेसे साधन ठरले आणि दुसऱ्याला न संपणाऱ्या चढाओढीत घेऊन गेले.

यावर आक्षेप असा की मच्छीमारांनी इंजिन स्वखुशीने घेतले आणि त्यांचे भलेच झाले. त्यात तथ्य आहे. मतलई वारा पडला म्हणून खोळंबणे संपले, मासळी ताजी असताना मुंबईच्या बाजारात पोचू लागली, वल्ह्यांचे कष्ट कमी झाले. पण शेजारच्याने इंजिन घेतल्यावर शिडावर राहणाऱ्याला बाजार उशिरा मिळतो. तेव्हा त्याची निवड पुरती मोकळी राहत नाही. शिवाय वारा उधारी मागत नसे. इंजिन आल्यावर डिझेल, बर्फ आणि कर्जाचा हप्ता आधी वजा होऊ लागला आणि उरलेल्यातून खलाशांचे वाटे पडू लागले. मासळी कमी मिळाली तरी डिझेल तेवढेच लागते, म्हणून जोखीम खाली सरकली. सरकारचा डिझेल परतावा हा भार हलका करतो, पण पैसे आधी भरायचे आणि परताव्याची वाट पाहायची, ही ओढाताण राहतेच.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. इंजिनामुळे वादळाआधी किनारा गाठता येतो, हे खरेच. पण १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ ही प्रवासी बोट इंजिनाचीच होती. तिच्याबरोबर सहाशेहून अधिक माणसे बुडाली. यंत्र एकटे जीव वाचवत नाही. हवामानाची सूचना, बिनतारी यंत्र, जीवरक्षक जाकिटे आणि गर्दीवरचा अंकुश यांवरही खर्च करावा लागतो, आणि इंजिन दूर नेते तितका तो वाढतो.

म्हणून शिडाकडे परत जा, असे म्हणण्यात अर्थ नाही. पण डिझेलला पर्याय म्हणून उद्या वीज किंवा वायूवरची इंजिने जुन्या बोटींना बसवायची वेळ येईल, तेव्हा अनुदानाचा अर्ज केवळ इंजिनाच्या किमतीवर थांबू नये. बांधा, जाळ्याची पद्धत, इंधन, दुरुस्ती आणि खलाशाचा वाटा, हे सारे त्याच कागदावर यायला हवे. गेल्या वेळी यांपैकी बरेचसे कोळ्यांनी मागाहून स्वतःच्या खिशातून भरले. पुन्हा तसे होऊ देणे अन्यायाचे ठरेल.