बिंदू चौकातील अर्पणपत्रिका

पुतळ्यांविषयी मराठीत जे लिहिले जाते ते बहुधा अनावरणाच्या बातमीत, नाहीतर विटंबनेच्या निषेधात. या दोहोंमधला दीर्घ काळ, ज्यात पुतळा नुसता उभा असतो, तो सहसा कोणी वाचत नाही. कोल्हापुरातील दोन चौक आम्हांला या दृष्टीने वाचावेसे वाटतात.

पहिला शिवाजी चौक. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर (१९२३ ते १९२८) सर लेस्ली विल्सन यांचा पुतळा पूर्वी येथे होता. बेचाळीसच्या आंदोलनात दोन स्त्रियांनी तो विद्रूप केला. पुढे तो फोडलाही गेला. १९४५ मध्ये भालजी पेंढारकरांच्या पुढाकाराने त्या जागी शिवाजी महाराजांचा अर्धपुतळा बसवण्यात आला. संस्थान तेव्हा विलीन व्हायचे होते. छत्रपतींच्या गादीच्या शहरात मोक्याच्या जागी आधी इंग्रज गव्हर्नर उभा राहावा आणि त्याला हटवून महाराजांना आणण्याचे काम प्रजेला करावे लागावे, यातला उपरोध त्या काळच्या कोल्हापूरकरांना कळला नसेल असे वाटत नाही. पुतळा घडवला बाबूराव पेंटर यांनी. 'सैरंध्री' (१९२०) आणि 'सावकारी पाश' (१९२५) यांचे दिग्दर्शक म्हणूनच ज्यांना ते ठाऊक आहेत, त्यांनी हा चौक अवश्य पाहावा. नाटकांचे पडदे रंगवणारा, चित्रपटासाठी स्वतःचा कॅमेरा बनवणारा हा मेस्त्री मूर्तिकारही होता. आपल्या वाङ्मयेतिहासांप्रमाणे कलेतिहासांनीही माणसाचे असे खात्यानिहाय तुकडे केले आहेत.

परंतु आम्ही अधिक रेंगाळतो तो बिंदू चौकात. ९ डिसेंबर १९५० रोजी भाई माधवराव बागल यांच्या पुढाकाराने येथे जोतीराव फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे अर्धपुतळे उभे राहिले. आंबेडकरांचा पुतळा बाळ चव्हाण यांनी घडवला. बागल हे सत्यशोधक, प्रजा परिषदेचे नेते आणि जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले चित्रकार. आंबेडकर त्या वेळी हयात होते, केंद्रात कायदेमंत्री होते. संविधान अंमलात येऊन वर्षही झाले नव्हते.

येथे एक अडचण उभी राहते, आणि ती टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतील भाषणात आंबेडकरांनी राजकारणातील भक्तीविरुद्ध निःसंदिग्ध इशारा दिला होता. १९४३ मध्ये रानडे यांच्यावरील व्याख्यानातही विभूतिपूजेचा त्यांनी कठोर समाचार घेतला होता. मग सुमारे वर्षभरातच त्यांचाच पुतळा? बागलांसारख्या जाणत्या कार्यकर्त्याने हे भान सोडले, असे म्हणणे सोपे आहे. आम्हांला ते पटत नाही.

पटत नाही, कारण पुतळे दोन आहेत. एकट्या पुतळ्याला भक्त लागतात. शेजारी दुसरा आला की विधान तयार होते. 'हू वेअर द शूद्राज?' (१९४६) हा ग्रंथ आंबेडकरांनी फुले यांना अर्पण केला, आणि पुढे बुद्ध व कबीर यांच्याबरोबर त्यांना आपले गुरू मानले. ग्रंथाच्या पहिल्या पानावर जे नाते इंग्रजीत नोंदले गेले, तेच बिंदू चौकात, अक्षर न वाचणाऱ्यालाही समजेल अशा लिपीत नोंदले गेले. त्यात कोल्हापूरचा आपला धागाही आहेच: याच संस्थानातील माणगाव येथे १९२० मध्ये शाहू महाराजांनी तरुण आंबेडकरांच्या नेतृत्वावर जाहीरपणे विश्वास टाकला होता.

अर्धपुतळ्याला हात नसतात, म्हणून हावभावही नसतात. पुढे गावोगावी उभ्या राहिलेल्या पूर्णाकृती पुतळ्यांत आंबेडकरांचे उंचावलेले बोट आणि हातातले संविधान ही जणू ठरीव प्रतिमा झाली. तिचे सामर्थ्य आम्ही नाकारीत नाही. बिंदू चौकात मात्र अजून काहीच ठरीव झालेले नाही; आहे तो केवळ चेहरा, आणि सोबतीला जोतीराव.

जयंतीच्या दिवशी तेथे अर्थातच फार गर्दी असते. आम्ही एरवीच्या एखाद्या सकाळी जातो, आणि आधी फुले यांच्यासमोर थांबतो.