समचय

दिलेल्या भिन्न वस्तूंपैकी ठरावीक संख्येने वस्तू, त्यांचा क्रम विचारात न घेता, निवडण्याच्या प्रत्येक प्रकारास गणितात समचय असे म्हणतात. विद्यार्थ्यांमध्ये 'कॉम्बिनेशन' हा शब्दही रूढ आहे. क्रम बदलल्याने निवड वेगळी ठरत असेल, तर तिला क्रमचय म्हणतात. अ, आ, इ यांतून दोघांची निवड तीन प्रकारे होते. मात्र त्या दोघांत एक अध्यक्ष व एक सचिव नेमायचा असल्यास सहा प्रकार संभवतात.

सूत्र

'न' वस्तूंमधून 'र' वस्तू क्रमाने मांडण्याचे प्रकार न! ÷ (न − र)! इतके असतात. यात प्रत्येक गट र! वेळा मोजला जातो. म्हणून त्या संख्येस र! ने भागल्यावर समचयांची संख्या मिळते :

स(न, र) = न! ÷ [र! × (न − र)!]

'र' वस्तू निवडणे म्हणजेच उरलेल्या 'न − र' वस्तू वगळणे होय. त्यामुळे स(न, र) = स(न, न − र).

इतिहास

वराहमिहिरांच्या बृहत्संहितेत १६ सुगंधी द्रव्यांपैकी ४ घेऊन होणाऱ्या मिश्रणांची संख्या १८२० दिली आहे. इ. स. ८५० च्या सुमारास महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रह' या ग्रंथात निवडीचा सर्वसाधारण नियम सांगितला. दहाव्या शतकात हलायुधाने पिंगलाच्या छंदःशास्त्रावरील टीकेत मेरुप्रस्ताराचे विवरण केले. हीच मांडणी पुढे युरोपात पास्कलचा त्रिकोण म्हणून प्रसिद्ध झाली.

भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (इ. स. ११५०) सहा रसांचे उदाहरण आहे. एक, दोन, तीन याप्रमाणे रस एकत्र केल्यास ६, १५, २०, १५, ६ व १, असे एकूण ६३ प्रकार होतात. जळगाव जिल्ह्यातील चाळीसगावजवळच्या पाटण येथील इ. स. १२०७ च्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने स्थापिलेल्या मठाचा उल्लेख आहे.

उपयोग : घरांची सोडत

सिडकोने विकसित केलेल्या खारघरसारख्या वसाहतींत घरांच्या वाटपासाठी सोडतीची पद्धत वापरली जाते. अशा सोडतीची न्याय्यता समचयांच्या साहाय्याने तपासता येते. समजा, २० अर्जदार व एकसारखी ४ घरे आहेत. यशस्वी अर्जदारांचे संभाव्य गट स(२०, ४) = ४८४५ होतात. विशिष्ट अर्जदाराचा समावेश असलेले गट स(१९, ३) = ९६९ असतात. सर्व गट समसंभाव्य असल्यास त्या अर्जदाराची संभाव्यता ९६९ ÷ ४८४५, म्हणजे १/५ येते. अर्ज आधी भरला की शेवटी, याने तीत फरक पडत नाही.

दोन विशिष्ट अर्जदारांना एकाच वेळी घर मिळण्याची संभाव्यता स(१८, २) ÷ ४८४५ = ३/९५ आहे. ती १/५ × १/५ = १/२५ पेक्षा कमी असते; कारण एकास घर मिळाल्यावर दुसऱ्यासाठी १९ अर्जदारांत ३ घरे उरतात.

चारपैकी एक घर ५ अर्जदारांच्या राखीव गटासाठी व तीन घरे उर्वरित १५ जणांसाठी असल्यास निवडीचे प्रकार ५ × ४५५ = २२७५ होतात. प्रतीक्षा यादीत मात्र क्रमाला महत्त्व असते. चार जण निवडल्यानंतर उरलेल्या १६ जणांतून तिघांची यादी १६ × १५ × १४ = ३३६० प्रकारे होते; येथे क्रमचय वापरावा लागतो.

नेहमीची चूक

६ पुरुष व ४ स्त्रिया यांतून किमान एक स्त्री असलेली तिघांची समिती निवडताना आधी एक स्त्री व नंतर उरलेल्या ९ जणांतून दोघे घेतल्यास ४ × ३६ = १४४ हे चुकीचे उत्तर येते. दोन स्त्रिया असलेली समिती यात दोनदा, तर तीन स्त्रियांची समिती तीनदा मोजली जाते. एकूण १२० समित्यांतून केवळ पुरुषांच्या २० समित्या वजा केल्यास १०० हे योग्य उत्तर मिळते.