साम्य आणि सगोत्रता : मत्स्यपरजीवी पृथुकृमींचे वर्गीकरण
सागरी माशांच्या कल्ल्यांवर, त्वचेवर व आतड्यांत राहणाऱ्या पृथुकृमींच्या वर्गीकरणाचा इतिहास म्हणजे पुरावा कशाला मानावा, या प्रश्नाचा इतिहास होय. १८०८ मध्ये रुडॉल्फी यांनी ‘ट्रेमॅटोडा’ ही संज्ञा योजली. तिच्या मुळाशी ‘छिद्र’ या अर्थाचा ग्रीक शब्द आहे. कृमींची चूषके छिद्रांसारखी भासत, एवढाच तिचा आधार. १८५८ मध्ये बेल्जियमचे व्हान बेनेडेन यांनी बाह्यरूपाऐवजी जीवनक्रम प्रमाण मानला : काही कृमी एकाच माशावर वाढतात, तर काहींना माशापूर्वी गोगलगाईसारख्या मृदुकाय प्राण्याचा आश्रय घ्यावा लागतो. १९३७ मध्ये रशियन संशोधक बिखोव्स्की यांनी डिंभाच्या शेपटाकडील सूक्ष्म आकड्यांवरून पहिला गट पर्णकृमींपासून वेगळा काढला आणि पट्टकृमींच्या जवळ नेला. एकविसाव्या शतकातील अनेक जनुकीय अभ्यासांनी मात्र पट्टकृमींना पर्णकृमींच्याच शेजारी बसविले. गट स्वतंत्र राहिला. त्याचे नाते बदलले. आकडे सारखे असले, तरी ते एकाच पूर्वजाकडून आले काय, हा प्रश्न उरतोच. दोन भाषांतील वाङ्मयीन साम्ये पाहताना तौलनिक अभ्यासकालाही हाच प्रश्न विचारावा लागतो.